किती घोड्यांचं?

आबांनी कोयता उलटा धरला आणि मुठीने होडीच्या पाठच्या फळीवर ठोकलं. टक्. चार बोटं सरकून पुन्हा, टक्. असं करत ते मशीन जिथे अडकवतात त्या जागेपाशी आले. तिथे उजव्या हाताला खाली ठोकलं आणि आवाज बसला. पिकून आतून सडलेल्या कोहळ्यावर टिचकी मारली तर येईल तसा. आबांनी पुन्हा ठोकलं नाही. "आतसून कुसली हा," एवढंच म्हणाले, कोयता कमरेच्या आकडीत अडकवला आणि माडांच्या दिशेने चालू लागले.

होडी दिसायला झकास होती. फायबरची, चोवीस फुटी, नवा निळा रंग दिलेली, पुढच्या टोकाला, नाळेवर, झेंडूची सुकलेली माळ. माझ्या भाच्याने सकाळपासून तिच्याभोवती पाच फेऱ्या मारल्या होत्या आणि प्रत्येक फेरीला तो तिच्या कुशीवर हात ठेवत होता. इसार द्यायला खिशात पैसेही होते. मालकाने सांगितलेलं, "फायबराक काय होणा नाय." ते खरंच आहे, फायबर कुजत नाही. पण पाठच्या फळीत फायबरच्या दोन थरांमध्ये बऱ्याचदा प्लायवूड असतं, आणि मशीन घट्ट बसवायला तिला बोल्टची भोकं पाडलेली असतात. भोक नीट बुजवलं नाही तर खारं पाणी आत झिरपतं. बाहेरून निळा रंग, आत चिखल. त्या फळीवर पन्नास किलोचं मशीन लटकणार आणि लाटेगणिक तिला हिसके देणार. एखाद्या दिवशी मशीन फळीसकट दर्यात जाईल, होडी तेवढी वर राहील, तीही पाठ उघडी टाकून.

भाचा दिवसभर कुणाशी बोलला नाही.

हे देवबाग. मालवणच्या दक्षिणेला एका बाजूने अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूने कर्ली नदीची खाडी, मधे वाळूची अरुंद पट्टी, तिच्यावर माड आणि माणसं. माझी ताई इथे दिली आहे. ती मालवणच्या बाजारात मासे विकते. आबा तिचे सासरे. सगळं आयुष्य रापणीच्या जाळ्यावर आणि पात नावाच्या होडीत गेलेले, आता गुडघ्यांमुळे दर्यात जात नाहीत, पण किनाऱ्यावर त्यांच्या डोळ्याखालून न जाता काही आत-बाहेर होत नाही. भाचा पंचवीस वर्षांचा. आयटीआय केल्यावर सहा वर्षं दुसऱ्यांच्या ट्रॉलरवर खलाशी होता. या वर्षी त्याने ठरवलं, स्वतःची होडी घ्यायची. मी गणपतीला म्हणून पुण्याहून आले होते आणि या भानगडीत अडकून नवरात्रापर्यंत राहिले. माझ्याकडे दोन गोष्टी होत्या: भाच्याला उसने द्यायला थोडे पैसे आणि कॅलक्युलेटर. त्यातली दुसरी कुणी मागितली नव्हती.

होडी घेणार म्हटल्यावर वाडीतला प्रत्येक जण एकच प्रश्न विचारायचा. "किती घोड्यांचं?" लांबी किती, रुंदी किती, जाळं कुठलं, चौथा माणूस कोण, कर्ज कुणाचं, यातलं काही नाही. लग्न ठरलं म्हटल्यावर मुलगी काय करते हे न विचारता बँड कुठला लावलाय ते विचारावं, तसं. ओबीएमच्या, म्हणजे होडीच्या पाठीला अडकवायच्या मशीनच्या, झाकणावर आकडा मोठ्या अक्षरात छापलेला असतो. किनाऱ्यावर ओढलेल्या होड्यांच्या रांगेत तो लांबूनच वाचता येतो. ९.९, १५, २५, ४०. होडी कुणी बांधली ते कुठेच लिहिलेलं नसतं.

भाच्याच्या मनात आकडा पक्का होता. "माका पंचवीसचाच व्हया." त्याला कारणं होती आणि सगळीच पोरकट नव्हती. पहिलं कारण पर्यटन. देवबागच्या खाडीत डॉल्फिन दाखवायला आणि त्सुनामी आयलंडवर माणसं सोडायला ज्या बोटी सुटतात त्या पाण्याला चिरत जातात, आणि त्या चालवणारे त्याच्याच वर्गातले. दुसरं कारण ट्रॉलर. कर्नाटकातल्या मलपीकडचे हायस्पीड ट्रॉलर रात्री इकडच्या पाण्यात घुसतात, त्यांच्या ओढीत इथल्यांची गिलनेट फाटतात, हे गाऱ्हाणं सिंधुदुर्गात घरोघरी आहे. शेकडो घोड्यांच्या इंजिनापुढे आपण नऊ घोड्यांवर उभं राहायचं म्हणजे अपमानच वाटतो. सहा वर्षं दुसऱ्याच्या डेकवर काढलेल्या मुलाला तो जास्तच वाटणार. पंचवीस घोडे घेऊन ट्रॉलरशी बरोबरी होणार नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. पण आकडा माणूस नुसता हिशेबाने निवडत नाही.

या आकड्यांचीही गंमत आहे. ९.९ का? सरळ दहा का नाही? अमेरिकेत बऱ्याच तलावांवर दहा घोड्यांच्या खालच्याच मशीनला परवानगी असते, म्हणून कंपन्यांनी दहाला एक दशांश कमी मशीन काढलं. तिथल्या तळ्यात हौसेने गळ टाकणाऱ्यांसाठी केलेला नियम, आणि त्याचा आकडा देवबागच्या वाळूत उभा. त्याच अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये ओले एव्हिनरुड नावाच्या, नॉर्वेत जन्मलेल्या माणसाने १९०९च्या सुमारास होडीच्या पाठीला अडकवायचं मशीन विकायला काढलं. गोष्ट अशी सांगतात की मैत्रिणीसाठी तो तळ्यापलीकडून वल्ही मारत आइस्क्रीम घेऊन आला आणि पोचेपर्यंत ते वितळलं. खरंखोटं एव्हिनरुडच जाणे. आपल्या देशात मासेमारीच्या होड्यांना इंजिनं बसवण्याचं सुरुवातीचं एक मोठं काम १९५३पासून केरळात नीण्डकराला झालं, तेही नॉर्वेच्याच मदतीने. त्या होड्यांत मात्र डिझेल इंजिन पोटात होतं, पाठीला नव्हतं.

पोटातलं डिझेल इंजिन आम्हीही तपासून पाहिलं. घोड्यामागे तासाला पाव लिटरच्या आसपास पितं, पेट्रोलपेक्षा कितीतरी कमी, आणि डिझेलवर मच्छीमार संस्थांमार्फत परतावाही मिळतो. कागदावर तेच शहाणपणाचं. पण त्याचा दांडा आणि पंखा होडीच्या बुडाखाली कायमचे. ओहोटीला आमच्या खाडीत वाळूची पाठ वर येते, होडी गुडघाभर पाण्यातून ढकलत न्यावी लागते, पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढावी लागते. ओबीएम उचलून आडवं करता येतं, काढून खांद्यावर घरी नेता येतं. धक्का असलेल्या बंदरात डिझेल, वाळूत ओबीएम. हे इथे वाळूनेच ठरवलेलं आहे, वाद घालायला जागा नाही.

आता होडी. आबांचं म्हणणं होतं, मशीनची गोष्ट होडी ठरल्यावर. त्यांच्या तरुणपणी पात होती, बाजूला उलांडी लावलेली. उलांडी म्हणजे होडीपासून थोडा लांब, दोन आडव्या काठ्यांनी बांधलेला लाकडाचा तरंगता तुकडा. होडी कलंडू न देण्याचं काम त्याने अंगावर घेतलं की होडीला रुंद असण्याची गरज राहत नाही. म्हणून पात इतकी निमुळती की दोन माणसं वल्ह्यांवर तिला पळवत. लाकडी होडीला दर वर्षी फटी बुजवायच्या, काजूच्या टरफलाचं काळं तेल चोपडायचं, त्या तेलाने हाताची सालं निघायची. आबा ते सांगताना हात पुढे करून दाखवतात, जणू अजून सोलवटलेले आहेत. पण लाकूड दुखणं लपवत नाही, असं त्यांचं मत. कुजलं की वास येतो, किडा लागला की भुसा पडतो. फायबर गप्प बसतं. म्हणून ते ठोकून बोलतं करावं लागतं.

शेवटी होडी नवीच बांधून घ्यायची ठरली. फायबरचा कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड. आत शिरल्यावर रेझिनच्या वासाने डोळ्यांत पाणी. मधे पालथा साचा नव्हे, उताणा साचा, मोठ्या परातीसारखा. आतून आधी रंगाचा गुळगुळीत थर, मग काचेच्या तंतूंची मॅट, तिच्यावर रेझिन, रोलरने हवा दाबून काढायची, मग पुन्हा मॅट. हवेचा बुडबुडा राहिला तर तिथे पुढे फुगा येतो. मिस्त्री काम करताना बोलत नव्हता, कारण एकदा रेझिनमध्ये औषध घातलं की ते मिनिटांच्या हिशेबाने घट्ट होतं. थर किती घालणार एवढंच आबांनी विचारलं आणि बुडाला, नाळेला आणि पाठीला एकेक जास्त घालायला सांगितलं. जास्त थर म्हणजे जास्त वजन आणि जास्त पैसे. भाचा हिशेब करायला लागला तेव्हा आबा म्हणाले, "मशीन बदलूक येता. बूड येणा नाय."

त्या रात्री मी वही उघडली.

होडी पाण्यात जाते तेव्हा आपल्याच नाळेने उठवलेली लाट ती बरोबर नेते. वेग वाढला की ही लाट लांबते. लांबता लांबता लाट होडीएवढी झाली की होडीची नाळ एका लाटेवर आणि पाठ तिच्या मागच्या लाटेवर. याच्या पुढे जायचं तर होडीला आपल्याच लाटेचा चढ चढावा लागतो. जड होडी तो चढत नाही, नुसती पाठ खाली घालून पाणी खणत बसते. विल्यम फ्रूड या इंग्रज इंजिनिअरने दीडशे वर्षांपूर्वी छोट्या प्रतिकृती पाण्याच्या टाकीत ओढून हा हिशेब बसवला. पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं, त्याला १.३४ने गुणायचं, ताशी किती सागरी मैल ते येतं. आमच्या चोवीस फुटीची पाण्यावरची लांबी २२ फूट धरली. वर्गमूळ ४.६९. वेग सव्वासहा मैल. सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, म्हणजे ताशी साडेअकरा किलोमीटर. घाई नसलेला सायकलवाला.

हा चढ चढायचाच असेल तर होडी हलकी हवी आणि घोडे भरपूर. पर्यटनाची रिकामी बोट चढते. आमची चढेल का? होडी ६०० किलो, जाळं २५०, चार माणसं २६०, बर्फ आणि खोके १००, मशीन-पेट्रोल ८०. जातानाच तेराशेच्या जवळ. येताना त्यात मासा. पाण्यावर चढायला साधारण वीस-पंचवीस किलोला एक घोडा लागतो. पंचवीस घोड्यांच्या वाट्याला प्रत्येकी पन्नासच्या वर येत होते. म्हणजे ते मशीन आमच्या होडीला धड चढवणार नाही आणि धड आरामात चालू देणार नाही. चढणीच्या मधे अडकलेल्या टेम्पोसारखी ती सुमारे नऊ मैलांनी धुमसत राहणार.

मग पेट्रोल. पूर्ण मूठ पिळली तर टू-स्ट्रोक मशीन घोड्यामागे तासाला साधारण अर्धा लिटर जाळतं. जाळी टाकायची जागा सहा मैलांवर धरली, जाऊन-येऊन बारा. दहा घोडे सहा मैलांच्या वेगाने: दोन तास, दहा लिटर. पंचवीस घोडे नऊ मैलांनी: एक तास वीस मिनिटं, जवळपास पावणेसतरा लिटर. चाळीस मिनिटं वाचवायला जवळपास पावणेसात लिटर. लिटरला १०५ रुपये धरले तर दिवसाला ७००. महिन्यात वीस फेऱ्या झाल्या तर १४,०००.

मी वही फिरवून ताईपुढे ठेवली. ती शाळेत आठवीपर्यंत गेली, पण लिलावाच्या ओरड्यात उभी राहून टोपलीचा भाव मनातल्या मनात चौघांत वाटणारी बाई आहे. तिने आकडा पाहिला आणि चुलीकडे बघत म्हणाली, "एका माणसाचो वाटो जळतलो म्हण." पेट्रोल आणि बर्फाचा खर्च आधी निघतो, मग होडीचा, जाळ्याचा आणि माणसांचा वाटा पडतो. मशीन मोठं झालं की न दिसणारा पाचवा खलाशी होडीत येऊन बसतो. जाळं ओढत नाही, पण वाटा पहिला घेतो.

मला वाटलं, संपलं. दहा घोडे. मी वही मिटायला लागले तेव्हा भाचा, जो इतका वेळ मोबाइलमध्ये होता, म्हणाला, "मावशी, आणि मुखात?"

इथे माझा हिशेब बुडाला.

मुख म्हणजे खाडी जिथे समुद्राला मिळते ती जागा. नदीने आणलेली वाळू तिथे साचते, पाणी उथळ होतं आणि बाहेरून येणारी लाट तिथे उभी राहते. बाहेरून परत येताना लाट पाठीमागून येते. उथळ पाण्यात लाटेचा वेग खोलीवर ठरतो, आणि दोन मीटर पाण्यात तो ताशी साडेआठ सागरी मैल भरतो. होडी सहाची. म्हणजे प्रत्येक लाट तुम्हाला मागून गाठणार. गाठली की पाठ उचलणार, नाळ खाली रुतणार, सुकाणू पाण्याबाहेर येणार आणि होडी आडवी फिरणार. आडवी फिरली की पुढच्या लाटेला काही करावं लागत नाही. लाटेच्या पाठीवर बसून तिच्याच वेगाने आत यायचं तर साडेआठच्या वर वेग हवा, निदान त्या दोनशे-तीनशे मीटरपुरता. शिवाय ओहोटी जोरात असली तर नदी समोरून तीन मैलांनी ढकलते. सहातून तीन गेले.

सहा वर्षं डेकवर उभं राहून त्याने मुखाकडे पाहिलेलं होतं. मी वहीत.

आबा बाहेर ओट्यावर होते, पण सगळं ऐकत होते. "भरती येयसर थांबाचा," ते म्हणाले. पातीला घोडे नव्हते, ती रोज आत यायची. ओहोटीचं पाणी लाटेला छातीवर घेतं म्हणून लाट ताठ उभी राहते आणि फुटते. भरतीचं पाणी तिच्याबरोबर आत येतं म्हणून ती पसरते. आबांनी हे कुठल्या टाकीत पाहिलं नाही, पण ते बरोबर आहे. बाहेर तासभर नांगर टाकून बसायचं, बिडी ओढायची, भरती सुरू झाली की यायचं. २००९च्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं तेव्हा घाईने मुखात घुसलेल्यांचं काय झालं ते त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि अर्ध्यात थांबले.

"तासभर थांबलास तर बर्फ पाणी जाता आणि लिलाव संपता," ताई आतून म्हणाली. "मगे बांगडो कोण घेतलो?"

मला त्या क्षणी तिघेही बरोबर वाटत होते, आणि अजूनही वाटतात. जाताना होडी रिकामी, मतलई वारा पाठीशी, पहाटेचा समुद्र तेलासारखा. तेव्हा कुठलंही मशीन पुरतं. मशीन निवडायचं ते येतानाच्या शेवटच्या पाव तासासाठी, आणि पोसायचं मात्र बाकीच्या सगळ्या तासांत. खरा प्रश्न एवढाच.

उत्तर मिळालं ते दुकानात, आणि तेही विक्रेत्याला द्यायचं नसताना. त्याने पंचवीसचं पुढे केलं होतं. भाचा ९.९ आणि १५ची झाकणं उघडून शेजारी शेजारी बघत बसला. मग मला बोलावलं. "मावशी, हा तर एकच मशीन." बऱ्याच कंपन्या ही दोन्ही मशीन एकाच ब्लॉकवर बनवतात, फरक असतो तो कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल-हवा किती आत सोडायची त्यात. वजन जवळपास तेवढंच. तेव्हा १५चं घ्यायचं, दोन-तृतीयांश मुठीवर दहा घोड्यांसारखं चालवायचं, आणि मुखात तीनशे मीटरपुरते वरचे पाच घोडे काढायचे. तेवढ्याने होडी लाटेच्या पुढे पळणार नाही, पण लाट गाठेल तेव्हा सुकाणूत जोर राहील आणि ओहोटीशी भांडता येईल. राहिलेलं आबांचं: फारच उभी लाट दिसली तर थांबायचं.

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक हा निर्णय ताईने घेतला. टू-स्ट्रोक हलकं, स्वस्त, वाडीतला कुणीही पोरगा ते उघडून जोडतो. पण पेट्रोलात ऑइल मिसळावं लागतं आणि पितं जास्त. फोर-स्ट्रोक दहा-पंधरा किलोने जड, महाग, पण पेट्रोल तिसरा हिस्सा कमी. ताईने विचारलं, तिसरा हिस्सा रोज की कधीतरी? रोज म्हटल्यावर विषय संपला. दुरुस्तीचं आयटीआय घरातच होतं.

एक गोष्ट मात्र विक्रेत्याशी भांडून घ्यावी लागली: पंखा. पंख्यावर दोन आकडे असतात, व्यास आणि पीच. नऊ इंच पीच म्हणजे एका फेरीत पंखा, स्क्रू लाकडात जावा तसा, नऊ इंच पुढे जाणार. मशीनच्या मिनिटाला पाच हजार फेऱ्या, गिअरमधून पंख्याला साधारण निम्म्या. गुणाकार केला तर ताशी अठरा मैल येतात. आमची होडी सहाची! म्हणजे तो पंखा रिकाम्या पर्यटन बोटीसाठी आहे. भरलेल्या होडीला लावला तर मशीन पूर्ण फेऱ्या गाठत नाही, तिसऱ्या गिअरमध्ये घाट चढणाऱ्या गाडीसारखं गुदमरतं, पेट्रोल पितं आणि काजळी धरतं. पीच एक इंच कमी केला की फेऱ्या दीडशे-दोनशेने वाढतात. कमी पीचचा पंखा मागवावा लागेल, आठ दिवस लागतील, असं उत्तर आलं. आठ दिवस थांबलो. किनाऱ्यावर "मशीनात दम नाय" म्हणून बदनाम झालेल्या कितीतरी मशीनचा दम पंख्यात अडकलेला असतो, असं माझं आता मत आहे, आणि आयुष्यात एकदाही मशीन न चालवलेल्या बाईने ते देऊ नये हेही मान्य आहे.

दांड्याची लांबी तर पाठच्या फळीची उंची मोजली की पाच मिनिटांत ठरते. पंधरा इंची आखूड, वीस इंची लांब. पंख्यावरची आडवी पट्टी होडीच्या बुडाच्या इंचभर खाली आली पाहिजे.

कागदपत्रांनी मात्र जीव खाल्ला. नोंदणी, रंगाने लिहायचा आयएनडी-एमएचचा क्रमांक, मासेमारीचा परवाना, विमा, खलाशांची ओळखपत्रं. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के आणि महिलांना ६० टक्के अनुदान, हे वाचल्यावर होडी ताईच्या नावावर करायचं ठरलं. मासे विकण्यात तीस वर्षं गेलेली, संस्थेची सभासद, तिच्याहून हक्काचं कोण? तरी एका टेबलावर तिला विचारण्यात आलं, तुम्ही समुद्रात जाता का. ताईने उलट विचारलं, साहेब, तुम्ही जाता काय? फाइल पुढे सरकली, पण सरकली म्हणजे पोचली असं नव्हे. अनुदान मागाहून येतं, व्याज आजपासून चालू होतं. तिची पाटल्यांची जोडी सोनाराकडे आहे. आणि भाच्याचा डॉल्फिनचा बेत कागदांनीच मोडला: मासेमारीच्या नोंदणीवर पर्यटक बसवता येत नाहीत, त्याचा परवाना वेगळा, अटी वेगळ्या.

होडी पाण्यात गेली ती एका सोमवारी. नारळ, अगरबत्ती, नाळेला हळद-कुंकू. आबांनी भाच्याकडून चार गोष्टी वदवून घेतल्या. मशीन चालू झाल्यावर बाजूच्या भोकातून पाण्याची पिचकारी येते ना, ती आधी बघायची. प्लास्टिकची पिशवी अडकली तर पिचकारी थांबते आणि पाच मिनिटांत मशीन भाजून निघतं. बंद करणारी लाल दोरी मनगटालाच बांधायची; ती मशीनच्या मुठीलाच गुंडाळून ठेवणारी पोरं आहेत, आणि चालवणारा पाण्यात पडल्यावर माणसाशिवाय गोल गोल फिरणारी होडी आबांनी पाहिली आहे. घरी आल्यावर पिंपातल्या गोड्या पाण्यात मशीन चालवायचं. आणि वल्ही होडीत ठेवायची. "घोडे मेले तर?" तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक भाच्याने आतल्या बाजूला तेलरंगाने लिहिला, तो आबांना वाचता येत नाही, तरी त्यांनी रंग सुकलाय का ते बोटाने बघितलं.

पहिले दहा तास पूर्ण मूठ पिळायची नव्हती, मशीन नवं. भाचा आणि त्याचे खलाशी पहाटे साडेतीनला गेले. ताई आणि मी नऊ वाजता खाडीच्या बाजूला जाऊन उभ्या राहिलो. मुखाबाहेर निळा ठिपका दिसला, थांबला. ओहोटीची शेवटची धार अजून बाहेर पडत होती. ताईने घड्याळ पाहिलं आणि काही बोलली नाही. ठिपका वीसेक मिनिटं तिथेच वर-खाली होत राहिला. मग नाळ आमच्याकडे वळली, मशीनचा आवाज एक पट्टी चढला, एक लाट मागून आली, होडीची पाठ उचलली, नाळ जरा डावीकडे गेली आणि परत सरळ आली. दुसरी लाट खालून निघून गेली. आवाज उतरला.

होडी वाळूला टेकली तेव्हा चार-पाच जण जमलेच. त्यातला एक, मशीनवर फडकं टाकलेलं होतं म्हणून, विचारू लागला, "किती घोड्यांचा गो?"

"माका काय म्हायत," ताई म्हणाली आणि होडीत चढून पेट्रोलच्या टाकीत काठी बुडवली. काठीवर तिने आदल्या रात्री चाकूने खुणा केल्या होत्या.

मग ती खाली उतरली, वाळूत बसली आणि पदराला बांधलेली पेन्सिल सोडून शाळेच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं. सोमवार. पेट्रोल साडेसात. बर्फ दोन लाद्या. बांगडा तीन टोपल्या. पेडवे घराक.